मुठीतल्या पिना

पुण्यात भेटायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी माझंच नाव पुढे केलं. मी पुण्यात राहतो आणि घासाघीस मला जमते, एवढीच दोन कारणं. धायरीला माझा जुन्या लेथ मशीन घ्यायचा-विकायचा धंदा आहे. नोकरी सोडल्यावर एका पत्र्याच्या शेडपासून सुरुवात केली, कोणाच्या खांद्यावर हात न ठेवता. समोरचा किती उतरेल हे मला त्याच्या चहा पिण्यावरून कळतं. रागाला मात्र मी कधी उतरवू शकलो नाही.

आम्ही सगळे नौदलाच्या एका विमान स्क्वाड्रनमधले. वैमानिक नव्हे, जमिनीवरचे. विमान पुसायचं, तपासायचं, ढकलायचं, उड्डाणाला सोडायचं आणि परत येईपर्यंत आकाशाकडे बघत बसायचं, हे आमचं काम. पस्तीसेक वर्षं बहुतेकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. गेल्या वर्षी आमच्यातला एक गेला, ती बातमी कळवायला कोणीतरी नंबर जमवले आणि त्यातून फोनवरचा हा ग्रुप झाला. गेला तो एके काळचा माझा जिवलग दोस्त. सदाशिव पेठेत राहायचा. मी त्याच्या अंत्यविधीला गेलो नव्हतो.

ग्रुपवर मी नुसता वाचत असे. भेटीचं निघालं तेव्हा पहिल्यांदा लिहिलं, "हॉल, जेवण, सगळं मी बघतो. पण चीफ आले पाहिजेत. ते येणार नसतील तर दुसरा माणूस बघा."

लगेच नाशिकहून फोन आला. स्क्वाड्रनमधला आमचा इलेक्ट्रिशियन, तोंडाचा तेव्हापासूनच फटकळ.

"तुझं अजून तेच चाललंय का रे? माणूस गेला."

"माणूस गेला म्हणून खरं बदलत नाही."

"मग ते खरं घेऊन हॉलवर येणार का तू? आम्ही जेवायला येतोय."

"जेवण चांगलं असेल," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

झालं होतं ते असं. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा त्याची चाकं चुकून दुमडू नयेत, आणखीही काही हलू नये, म्हणून ठिकठिकाणी पिना घातलेल्या असतात. प्रत्येक पिनेला लांब लाल पट्टी. आमच्या विमानाला अशा पाच. उडण्याआधी एक जण विमानाखाली वाकून त्या काढतो आणि पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हातात देतो. दुसऱ्याने त्या वर धरून वैमानिकाला दाखवायच्या. वैमानिक अंगठा वर करतो, विमान जातं. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, सगळा कारभार हातांचा.

त्या सकाळी पिना काढणारा माझा दोस्त होता, दाखवणारा मी. विमान उडालं आणि एक चाक आत जाईना. डाव्या चाकाची पिन तशीच राहिली होती. वैमानिक इंधन जाळत समुद्रावर घिरट्या घालत राहिला आणि तासाभराने उतरला. कोणाला खरचटलंही नाही. पण मला तो तास आठवतो. धावपट्टीच्या कडेला मी उभा होतो, खाली नजर न करता, आणि मान आखडून गेली होती.

चौकशीत चीफने माझं नाव लिहिलं. चीफ म्हणजे आमच्या हँगरचा सर्वांत जुना नौसैनिक. अधिकारी येत-जात, हँगर चीफचा. लाल शाईची नोंद माझ्या नावावर पडली. विमानातून उडण्याच्या कोर्ससाठी माझी निवड झाली होती, ती गेली. यादीत माझ्या खालचा होता तो माझा दोस्तच. तो गेला. सात वर्षं उडला. मुदत संपली तशी मी नोकरी सोडली आणि त्याच्याशी बोलणंही सोडलं. पिन विसरला तो, आणि जमिनीवर राहिलो मी. शिवाय तो आणि चीफ एकाच तालुक्यातले. आणखी काय सांगायचं?

मला एवढंच हवं होतं, की चीफने सगळ्यांसमोर म्हणावं, चूक याची नव्हती. माझ्या दोस्ताने आजारपणात फोन केला होता, दोनदा. मी दोन्ही वेळा कापला. तो कापणं बरोबर होतं हे मला कोणाकडून तरी ऐकायचं होतं, आणि ते सांगू शकेल असा आता एकच माणूस उरला होता.

मंगल कार्यालय शनिवार पेठेच्या हद्दीला लागून, सदाशिव पेठेपासून चालत जाण्याइतकं. तिथल्या मॅनेजरशी मी ताटाच्या भावावरून पाऊण तास घातला. शेवटी तो म्हणाला, "अहो, यापेक्षा कमीत हवं असेल तर आपण घरी जेवावं, ते स्वस्त पडतं." मग तो थोडा उतरला, मी थोडा चढलो.

बावीस जण आले. कोणाचे केस गेलेले, कोणाचे दात, आणि कान तर सगळ्यांचेच. त्या इंजिनांनी आमचे कान खाल्ले. त्यामुळे प्रत्येक जण ओरडून बोलत होता आणि तरी कोणाला काही कळत नव्हतं. एकाने लांबून दोन्ही मुठी जोडून अंगठे बाहेर फेकले. चाकांखालचे ठोकळे काढा, हा आमचा जुना इशारा. दुसऱ्याने तिकडून गळ्यावरून आडवा हात फिरवला, इंजिन बंद. सगळे हसले. वाढपी आमच्याकडे बघत राहिले.

"दरवाजातून आत येताना विमानासारखा डोलत आलास," इलेक्ट्रिशियन मला म्हणाला. "पोट पुढे, शेपूट मागे."

"आणि तू कायम हँगरमध्येच."

चीफ बारा वाजता आले. ब्याऐंशी वर्षांचे, ताठ, कानात यंत्र. त्यांच्या मागून एक बारीक बाई आत आली आणि भिंतीकडेच्या खुर्चीत बसली. मी ओळखलं. दोस्ताची बायको. लग्नात अंतरपाटाचं एक टोक मी धरलं होतं. इलेक्ट्रिशियनने त्यांना बोलावलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

त्यांना पाहिल्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मनातल्या मनात मी ते भाषण इतकी वर्षं घोटलं होतं की आता ते माझं ऐकणार नव्हतं. श्रीखंड वाढून झालं आणि मी उठून चीफच्या टेबलापाशी गेलो.

"चीफ, एक विचारायचंय. सगळ्यांसमोर."

"मोठ्याने विचार. यंत्र सारखं शिट्टी मारतं."

"त्या दिवशी पिन विसरला कोण?"

हॉलमधला गलका कमी झाला. एवढं मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

चीफने चमचा वाटीत ठेवला. "तो विसरला."

मी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं नाही.

"मग नाव माझं का लिहिलंत? तो तुमच्या गावाकडचा म्हणून?"

"त्याच दुपारी तो माझ्याकडे आला," चीफ म्हणाले. "म्हणाला, चीफ, पिन माझ्याकडून राहिली, माझं नाव लिहा. रडत होता. मी त्याला हाकलून दिलं."

"का पण?"

"अरे शहाण्या, पहिला माणूस कधीतरी विसरणार हे धरूनच दुसरा उभा केलेला असतो. सगळे आठवणीत ठेवणारे असते तर तुला पुढे कशाला उभं केलं असतं? शोभेला?"

"त्याने दिल्या तेवढ्या मी दाखवल्या!"

"कशा दाखवल्यास?"

"कशा म्हणजे? दाखवतात तशा."

"दाखव."

त्यांनी स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या वाट्यांतले चमचे काढले, रुमालाने पुसले आणि माझ्यापुढे धरले. मला राग आला होता. मी ते हिसकावले, दोन पावलं मागे गेलो, पाय फाकवून उभा राहिलो आणि हात वर केला. विचार केला नाही. पस्तीस वर्षांत तो हात मी तसा उचलला नव्हता, तरी खांद्याला सगळं ठाऊक होतं. मूठ घट्ट, हात सरळ डोक्यावर, एकदा झटका, आणि खाली.

मग इलेक्ट्रिशियन आपल्या जागेवरून म्हणाला, नेहमीच्या चेष्टेच्या आवाजात नाही, "इथून एक जुडगा दिसला रे. किती ते नाही दिसलं."

मी माझ्या मुठीकडे पाहिलं. चमच्यांचे दांडे एकमेकांवर चढलेले होते.

"एकेक," चीफ म्हणाले. "एकेक वेगळी करून, बोटांमध्ये धरून. किती वेळा सांगितलं होतं तुला. पण तुला घाई. आपल्याला सगळं येतं ही घाई. वैमानिकालाही माहीत की हा पोरगा हुशार आहे, म्हणून तोही मोजेना." त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. "त्या सकाळी मी हँगरच्या दारात होतो. मूठ मी पाहिली होती. हटकलं नाही. ती चूक माझी, तिचं माझं मी बघतो. पण तुझं नाव मी गावाकडे बघून लिहिलं नाही."

मला पुष्कळ बोलता आलं असतं. वैमानिकाने अंगठा का दिला, तुम्ही का ओरडला नाहीत, एकट्यालाच लाल शाई का. यातला एकेक मुद्दा धरून मी चीफना तासभर पिळू शकलो असतो, धंदाच तो माझा. पण हात माझा होता, आणि तो बावीस जणांनी पाहिला होता. धायरीला माझ्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो, बोल्ट मुठीने घ्यायचे नाहीत, टेबलावर मांडून मोजायचे. हे मी कुठे शिकलो असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

हळूहळू लोक बोलायला लागले. मी चमचे तसेच हातात घेऊन भिंतीकडे गेलो. तिकडे जायचं नव्हतं, पण दुसरीकडे कुठे जाऊ ते सुचेना.

"वहिनी," मी म्हणालो.

"बसा, भाऊजी."

मी बसलो. त्यांनी माझ्या हातातल्या चमच्यांकडे पाहिलं.

"हे घरातून निघताना दारात उभे राहायचे," त्या म्हणाल्या. "हात वर करून एकेक बोट उघडायचे. गॅस, नळ, दिवे, खिडकी, किल्ली. मग कुलूप. मुलगी हसायची त्यांना. मला वाटायचं, नौदलात सगळेच असं करत असतील."

"नाही," मी म्हणालो. "सगळे नाही."

"फोन केला होता त्यांनी तुम्हाला. हॉस्पिटलातून."

"हो."

"म्हणाले, अजून तापलेला दिसतोय, निवू दे जरा." त्यांनी पदर नीट केला. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, रागाशी मला बोलता येतं. "मी म्हटलं, मी करू का फोन? तर नको म्हणाले. तो आपणहून येईल, म्हणाले."

"काय सांगायचं होतं त्याला?"

"ते मला नाही सांगितलं, भाऊजी."

तेवढ्यात मॅनेजर आला. दोन वाजता हॉल रिकामा करायचा होता. त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.

"चमचे कार्यालयाचे आहेत, साहेब."

मी ते शेजारच्या टेबलावर ठेवले, एकेक, मध्ये अंतर सोडून. तो कंटाळून उभा राहिला. "पाच," मी म्हणालो. "दिसताहेत," तो म्हणाला आणि एका झपाट्यात सगळे गोळा करून घेऊन गेला.

खाली फाटकापाशी निरोपानिरोपी झाली. चीफ रिक्षात बसले तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो, त्यांनी अंगठा वर केला. त्यांना ऐकू आलं होतं की ती जुनी सवय होती, कोण जाणे.

वहिनींना मी म्हणालो, "गाडी आहे, सोडतो."

"कशाला? या बोळातून गेलं की आलंच."

त्यांनी हाताने दाखवलेला बोळ माझ्या ओळखीचा होता. गेली वीस वर्षं दर गुरुवारी मी याच भागात माल बघायला येतो. त्या बोळाच्या तोंडाशी एक माणूस कधी भेटेल म्हणून मी गाडी नेहमी पलीकडच्या रस्त्याला लावत आलो, आणि तिथून लांबचा वळसा घालून पायी.

त्या निघाल्या. बोळाच्या तोंडाशी थांबून त्यांनी पर्स उघडली आणि किल्ली आहे का ते पाहिलं. मग आत वळल्या. मी त्यांच्या मागे जायला हवं होतं, निदान दारापर्यंत. मी गाडीला टेकून उभा राहिलो, आणि थोड्या वेळाने मॅनेजरने वरून ओरडून सांगितलं की फाटकासमोर गाडी लावायला मनाई आहे, तशी पाटीही आहे, आणि ती मराठीत आहे.