झाकण उघडू नको

आमच्या घरी कोंबडी शिजायची ती पाहुणा आला तर, नाहीतर देवीच्या मानाला. एरवी भात आणि खाडीत मिळेल ते. आय-बाबा दोघंही उरणच्या बाजूला मिठागरावर कामाला. पायांच्या भेगांत मीठ जायचं. संध्याकाळी दोघं पायांना खोबरेल चोळत बसायची आणि मी समोर अभ्यास करायचे. बारावीनंतर पनवेलच्या कॉलेजात नाव घातलं. निघायच्या दिवशी बाबा पिशवी घेऊन एसटीपर्यंत आले. गाडी आल्यावर एवढंच म्हणाले, "बाय, आता परत मिठात पाय घालू नको." आयनं मसाल्याची बरणी माझ्याच ओढणीत गुंडाळून दिली. मला रडू आलं नाही. मला ते येतच नाही.

आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी. हे मी कुणालाही सांगते, लाजत नाही. नोकरी लागली, पनवेलजवळच करंजाडेत भाड्याचा फ्लॅट घेतला. पहिल्या पगाराला खालच्या चायनीजच्या गाडीवरून चिली चिकनचं पार्सल घेऊन गावी गेले. लाल, चिकट, गोड-तिखट. आयनं बोटं चाटली आणि म्हणाली, "या कोंबरीला कळलं नसंल, जिलबीत परली का मिरचीत!" त्यानंतर दर खेपेला तिचा पहिला प्रश्न तोच, "पार्सल हानलंस का?"

पुढे मी स्लो कुकर घेतला, विजेवर दिवसभर मंद शिजवणारा. सकाळी चिकन, सोया सॉस, व्हिनेगर, लाल मिरचीची चटणी, लसूण आणि गूळ घालायचा, ऑफिसला जायचं. आल्यावर कॉर्नफ्लोअर लावून रस घट्ट केला की गाडीवरच्यासारखं चिकन तयार. अट एकच, मधे झाकण उघडायचं नाही, ऊब निघून जाते. आय राहायला आली तेव्हा तिला हे पटेचना. उकळी नाही, वास नाही. "मेला जिता हाय का नाय?" म्हणत दिवसभर उघडून बघत राहिली. संध्याकाळी चिकन कच्चं. मी चिडले. ती म्हणाली, "चुलीवरचं बघाचं नाय तर रांधाचं कशाला?"

या वर्षी आय गेली. तेरावं झालं. आमच्यात त्यानंतर लेकीनं तिखटाचं, म्हणजे कोंबडी-मटणाचं जेवण करून घालायचं, घरच्यांनी ते खाल्लं की दुखवटा उठतो. मी एकुलती. मी म्हणायचे, करते, आणि बाबा म्हणायचे, "नंतर बघू." ते नुसत्या डाळभातावर राहिले. सदरा अंगावर लोंबायला लागला. शेवटी त्यांना करंजाडेत घेऊन आले. माझ्या आत काही हलत नव्हतं. ऑफिसला जात होते, येत होते, कपडे वाळत घालत होते.

एका सकाळी न विचारताच कुकर लावला. निघताना सांगितलं, "बाबा, झाकण उघडू नको."

संध्याकाळी आले तर बाबा ओट्यापाशी खुर्ची टाकून बसलेले. झाकण बाजूला. चमच्यानं दाबून बघितलं, आतून गुलाबीच.

"उघडलंस ना?"

"उघरलं. दर घरीला उघरलं."

"सांगितलं होतं ना मी!"

"तुजी आय असती तर तिनं उघरलंच असतं," ते म्हणाले. "कोनीतरी बघाला नको?"

मी चिडले नाही. सगळं पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं. उकळी फुटली तशी घरभर वास आला. बाबा उठून पातेल्यात डोकावले. मी त्यांना बघू दिलं.

तुम्ही जे गावी राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्ही विचारता, तुझं घर आता कुठलं? गावच्या घराला कुलूप आहे, चावी माझ्याकडे. हा फ्लॅट भाड्याचा. तरी आता चिकन करते ते पातेल्यात, आणि झाकण कुणीही उघडावं. तेवढं घर माझ्याकडे आहे.

त्या संध्याकाळी मी दोन ताटं केली. तिसऱ्या ताटलीत थोडं काढून आयच्या नावानं गच्चीवर ठेवलं. बाबांनी पहिला घास घेतला, चावला, म्हणाले, "गोर हाय. तिला आवरलं असतं." मग रस्सा पुन्हा मागितला.

बाबा जेवले. दुखवटा उठला.