बाहेर येणारा बाण

देवकते सरांना काहीही दाखवा, ते एकच विचारत, "हे इथनं कुठं जातं?" कँटीनचा चहा, शिपायानं नेलेला रजेचा अर्ज, लोहाऱ्याची एस.टी., सगळ्यांची तीच चौकशी. आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस, चालत्या गोष्टीवर नजर ठेवायची सवय घरातूनच आलेली. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, "पाटी वाचा की गुरुजी." सर म्हणाले, "वाचली. पण पाटी सांगती तिथंच गाडी जाती का, ते विचारतोय."

ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळात आमच्या कॉलेजनं 'माहिती प्रणाली' हा विषय सुरू केला. तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं, पण कॉम्प्युटर आला होता. त्याच्यासाठी कूलर होता आणि त्या कूलरला पाणी रोज न चुकता मिळायचं. बिघडू नये म्हणून प्राचार्यांनी कॉम्प्युटर कुणाला लावूच दिला नाही. चपला बाहेर काढून आम्ही त्याच्या कव्हरचं दर्शन घ्यायचो आणि वर्गात परत यायचो.

त्यामुळं सरांनी सगळा विषय खडूवर शिकवला. गोल म्हणजे काम, बाण म्हणजे माहिती. "एक गोष्ट एकाच जागी लिहा. दोन जागी लिहिली की दोघी भांडत बसतात," असं ते म्हणत. आणि रोज बजावत, "ज्या गोलात बाण नुसते शिरतात अन् एकबी बाहेर येत न्हाय, तो गोल चुकला. मी मार्क कापणार." आम्हाला वाटायचं, जगात असा गोल कुठं असतो? आम्ही तेव्हा फार भोळे होतो.

शालन कांबळे रोज उशिरा यायची. ओढ्यापलीकडच्या तिच्या वस्तीवर टँकर येत नव्हता आणि पाणी आणल्याशिवाय तिला घर सोडता येत नव्हतं. शेवटी ती सरांना म्हणाली, "सर, माझं नाव काढून टाका. पाणी का कॉलेज, एकच व्हतंय." सरांनी विचारलं, "टँकरसाठी अर्ज केला का?" ती म्हणाली, "दादांनी कवाच केलाय." सरांचा चेहरा एकदम खुलला. "मग तो अर्ज इथनं कुठं जातो? चला, हाच आपला प्रकल्प."

आम्ही अर्जाच्या मागं निघालो. ग्रामपंचायत म्हणाली, तहसिलीत गेला. तहसिलीतल्या कारकुनानं पान चघळत सांगितलं, "अभिप्रायाला नानासाहेबांच्या घरी." नानासाहेब म्हणजे दूध संस्थेचे अध्यक्ष, पतसंस्थेचे अध्यक्ष, आमच्या कॉलेजचे अध्यक्ष आणि दुष्काळ पडल्यावर साहजिकच दुष्काळाचेही अध्यक्ष. त्यांच्या बैठकीत इतर वस्त्यांचे अर्जही सुखानं नांदत होते. सर म्हणाले, "तक्त्यात जसं हाय तसंच काढा. असायला पाहिजे तसं काढायला सरकार बसलंय."

वार्षिक प्रदर्शनात आम्ही तो तक्ता लावला. मधोमध मोठा गोल, 'नानासाहेबांचे घर', आणि चहूकडून त्यात शिरणारे बाण. उद्घाटनाला अर्थातच नानासाहेब. सोबत अर्धं गाव आणि घाम पुसणारे प्राचार्य. नानासाहेब तक्त्यासमोर थांबले आणि बघता बघता खूश झाले. "लई झ्याक काढलंय! समदं आमच्याकडंच येतंय की!"

"व्हय साहेब," सर अदबीनं म्हणाले. "पण विद्यापीठाचा नियम वाईट हाय. गोलातनं बाहेर एक तरी बाण पाहिजे, न्हायतर पोरांचे मार्क जातात. मी काढला तर खोटा ठरंल. घर तुमचं हाय, तुम्हीच काढा." आणि त्यांनी स्केचपेन पुढं केलं.

गाव बघत होतं. पोरांच्या मार्कांसाठी एवढं करणं नानासाहेबांना भागच होतं. त्यांनी पेन घेतलं, ऐटीत बाण ओढला आणि विचारलं, "कुठवर न्यायचा?" मागून शालन म्हणाली, "आमच्या वस्तीवर, साहेब." बाण वस्तीवर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माघार घेतील तर ते नानासाहेब कसले? दुसऱ्या दिवशी टँकरही ओढा ओलांडून गेला आणि शालन पहिल्या तासाला हजर झाली. मला इतका आनंद झाला की सरांनी फळ्यावर काय लिहिलं ते मी उतरवलंच नाही.

प्रदर्शनातलं कौतुक ओसरल्यावर तक्त्याचा अर्थ कुणीतरी नानासाहेबांना नीट समजावून सांगितला असावा. सरांची नेमणूक तात्पुरती होती. उन्हाळ्यात ती संपली.

एस.टी. स्टँडवर शालन आणि मी त्यांना पोचवायला गेलो. शालननं घरून पाण्याची कळशी आणली होती. सर ओंजळीनं पोटभर प्याले. मी विचारलं, "सर, मुदतवाढीच्या अर्जाचं काय झालं?"

"गेलाय नानासाहेबांच्या घरी," ते हसून म्हणाले. "बाण शिरलाय आत."

मला नानासाहेबांचा मनापासून राग आला. तो अजून गेलेला नाही. तेवढ्यात गाडी लागली. शालननं डोळे पुसत विचारलं, "सर, तुम्ही इथनं कुठं जाणार?"

सरांनी पिशवी उचलली. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं.

"थांब," ते म्हणाले, "पाटी वाचून सांगतो."