कापसाच्या खोलीतला चार्जर

माझं डोकं चटकन तापतं. धुळ्याला सासरी मी ते जरा आवरून धरते, पण असोद्याला माहेरी आल्यावर आवरायचं कशाला? त्या उन्हाळ्यात तर मी बाळंतपणासाठी आलेले, सातवा महिना, पाय सुजून भोपळे झालेले, वर आमच्या जळगावकडचं ऊन. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिले कोनी काही बोलू नका रे बाप्पा, खाईन ते तुमाले!"

याआधी माझं एक बाळ पोटातच गेलं होतं, दिवस भरत आले असताना. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. पण या खेपेला आईने फर्मानच काढलं होतं की बाळ हाती येईपर्यंत घरात त्याचं काही म्हणजे काही आणायचं नाही. दुपटं नाही, टोपडं नाही, आणि पाळण्याचं तर नावही काढायचं नाही. रिकामा पाळणा घरात असू नये हे आमच्याकडे सगळ्याच बायका मानतात. आई मात्र ते असं म्हणायची की पुढे कुणाची बोलायची हिंमत होत नसे.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, उलटं. केळी आणि कापूस करणारा हा माणूस, पण हाताला सुतारकामाचा नाद. गल्लीतल्या निम्म्या घरांतले पाट त्यांच्या हातचे. लेकीच्या पहिल्या बाळाचा पाळणा बापाने स्वतः करायचा, ही आमच्या घरची रीत. त्यात हिवाळ्यात ते मोटरसायकलवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पकड मात्र गेली. स्क्रू पिळायला घेतला की चेहरा कसानुसा व्हायचा, आणि मग ते पेचकस गुपचूप खाली ठेवायचे.

मला सोडायला आलेल्या माझ्या नवऱ्याने म्हणूनच त्यांच्यासाठी बॅटरीवरचं ड्रिल आणलं, सोबत दोन बॅटऱ्या. आबांनी त्या दिवशी घरातल्या यच्चयावत बिजागऱ्या आवळल्या, सैल नव्हत्या त्यासुद्धा. नवऱ्याने सगळं समजावून सांगितलं. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, सावलीत निवू द्यायची. चार्जर मोकळ्या फरशीवर ठेवायचा, जवळ पेट घेणारं काही नको, आणि लावून बाहेर निघून जायचं नाही. बिट बदलताना आधी बॅटरी काढायची. डोळ्यांना चष्मा हवाच.

"जावईबापू, मी काय लहान पोर हाये का?" आबा म्हणाले.

लहान पोर परवडलं असतं!

आमच्याकडे भाव येईल या आशेवर कापूस घरातच भरून ठेवतात. आमच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत तो पार आढ्याला टेकला होता. त्या कापसाने आईच्या अंगाला खाज सुटते, त्यामुळे ती तिकडे फिरकत नसे. आणि आबा मात्र रोज तासन्‌तास तिकडे. "उंदीर झालेत," म्हणायचे. मला वाटलं, असतील.

एका दुपारी मी आडवी झाले होते. आबा मळ्यात गेलेले. लाईट गेली होती ती आली, पंखा फिरायला लागला, डोळा लागला. जाग आली ती वासाने. प्लास्टिक तापल्यासारखा, नाकात शिरणारा. वास काढत कापसाच्या खोलीशी गेले. एकुलत्या एक प्लगला चार्जर लावलेला, आणि तो कापसावर, चक्क गादीवर निजवावा तसा ठेवलेला. त्याच्या भोकांत तंतू गेलेले. बॅटरी फुगून तिचं अंग फाटायला आलेलं.

मी बटण बंद केलं आणि ओरडले. आई धावत आली. "पोटुशी बाई, मांगं सरक!" म्हणून मला बाहेर ढकललं. फावडं आणून तिने बॅटरी अलगद त्यावर घेतली आणि अंगणात दूर, मोकळ्या मातीत नेऊन टाकली. नंतर खोलीत कुठे धग लागली आहे का ते बघायला ती परत आत गेली, कापूस उकरू लागली, आणि तिथेच थांबली. कापसामागे सागाचे चार पाय उभे होते. शेजारी घासून गुळगुळीत केलेले दांडे. अर्धा पाळणाच होता तो.

आबा आले तेव्हा मी त्यांच्यावर अशी तुटून पडले की गल्ली गोळा झाली. "घर पेटलं असतं आबा! आई आत, मी आत! चोरून करायची कसली हौस ही?" ते एवढंच म्हणाले, "तुह्या मायले दिसू नही म्हनून ठेवला तिथी. आन खाली ठेवलं तं उंदरं वायर कुरतडतीन वाटलं." माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच आलं. आई आत स्वयंपाकाला गेली.

दुसऱ्या दिवशी आबा गुपचूप ते पाय उचलून गोठ्यात न्यायला निघाले. आई म्हणाली, "ठेवा ते खाली." मग तिने चार्जर फडक्याने पुसून घेतला, ओट्यावरच्या शहाबादी फरशीवर सावलीत ठेवला, दुसरी बॅटरी थंड आहे ना ते हात लावून पाहिलं, आणि लावली. स्वतः गहू निवडायचं सूप घेऊन शेजारी बसली.

मी विचारलं, "काय करतेस?"

"दिसत नही का? राखन करते."

दिवा हिरवा झाल्यावर तिने बॅटरी काढून आबांच्या हातात दिली. दांडा पायाला जुळवून पलीकडचं टोक घट्ट धरून बसली, पदर खोचून. आबांनी चष्मा लावला, पण ड्रिल काही चालवेनात. "तुले चालीन ना?" त्यांनी विचारलं.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या टायमाले झबली मीच शिवली व्हती. हे पोरगी दवाखान्यात पडेल व्हती तव्हा मी एकटीनं मळ्यात नेऊन पुरली. घरी आल्यावर हिले दिसू नही म्हनून."

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आबांनाही माहीत नसावं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि तसेच बसून राहिले.

"बसले काय?" आई त्यांच्यावर खेकसली. "करा ना. पोरगं काय जमिनीवर झोपीन?"