कंबर म्हणजे नेमकी कुठे

अंबडच्या कारखान्यात मी अठरा वर्षं लेथवर उभा राहिलो आणि त्यात माझे दोन मणके कामातून गेले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑपरेशन झालं. ते मणके एकमेकांना कायमचे जोडायचे होते आणि त्यासाठी लागणारं हाड माझ्याच कमरेतून, उजव्या बाजूनं काढलं. पायात उतरणारी जुनी कळ गेली. मी खूश होतो, महिनाभर.

मग उजवीकडे, जिथं पट्टा बसतो तिथं आग व्हायला लागली. पॅन्ट घालवेना. घरी नाडीचा पायजमा चालायचा, कारखान्यात कसा चालेल? तपासणीला गेलो की सांगायचो, "डॉक्टर, कंबर दुखते." ऑपरेशनच्या आधीही मी अगदी हेच सांगायचो, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. ते पुन्हा मणक्यांचा एक्स-रे काढायचे, उजेडावर धरायचे आणि म्हणायचे, "हाड मस्त धरलंय. जुनं दुखणं आहे, हळूहळू जाईल." दर खेपेला तेच. संताप यायचा, पण डॉक्टरांपुढे बोलणार कोण?

कारखान्याच्या डॉक्टरांनीही तोच एक्स-रे बघून मला कामाला लायक ठरवलं. बसून करायचं काम मागितलं, तर सुपरवायझर म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." बायकोनं विचारलं, "दुखणं कमरेत आहे की कामात?" ती चेष्टेनंच म्हणाली, पण मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तिरमिरीत राजीनामा देऊन आलो. तो आठवड्यात मंजूरही झाला. एरवी यांच्याकडे साधी रजा मंजूर व्हायला महिना लागतो.

पुढच्या तपासणीला नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मी ठरलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी एक्स-रेकडे पाहिलंही नाही.

"कंबर म्हणजे कुठे, काका? बोट ठेवून दाखवा."

मी बोट ठेवलं. त्यांनी तिथं दाबलं आणि मी कळवळलो.

"इथून हाड काढलंय. मणक्यांचा काही संबंध नाही. काही जणांना होतं असं, इंजेक्शननं बराच आराम पडेल. आधी का नाही सांगितलंत?"

चीड आली, जास्त करून स्वतःचीच. त्यांनी कागद पुढे ओढला.

"कारखान्याला चिठ्ठी देते, तीन महिने बसून काम द्या म्हणून. कुणाच्या नावानं लिहू?"

"राहू द्या," मी म्हणालो.