डॉक्टरकाकांचं राहिलेलं मत

टीव्हीवर अध्यक्षपदाचे ते उमेदवार दिसले की डॉक्टरकाका स्वतःची नाडी धरून बसायचे. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे. टीव्हीचा आवाज बंद असायचा. "काय बोलतायत ते मला माहीत आहे, पुन्हा कशाला ऐकू?" असं म्हणायचे. मिनिट संपलं की आकडा सांगायचे. "ब्याण्णव." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे. आकडा कोणाला सांगतायत ते सुरुवातीला मला कळेना, कारण घरात त्यांच्याशिवाय मीच. पुढे मीच विचारायला लागले, "आज किती, काका?" शंभराच्या वर गेला की मी पिठाच्या हाताने जाऊन टीव्ही बंद करायचे. काका मनगट सोडून द्यायचे.

ते मूळचे मिरजेचे, हृदयाचे डॉक्टर. पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत आले. मालतीकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगी मेधा दूर रेडमंडला. हर्नडन गावातल्या त्या घरात ते एकटे राहायचे. आमचं घर, म्हणजे माझ्या महेशचं घर, दोन गल्ल्या मागे. मी कराडहून सहा महिन्यांसाठी यायचे. महेश आणि सून पल्लवी कामावर गेले आणि नातू शाळेत गेला की मी खिडकीत बसून राहायचे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत मला शब्द सुचत नाहीत, आणि तिथे तर रस्त्यावर माणूसही दिसत नाही. पल्लवीच म्हणाली, "आई, काकांकडे जाऊन दोन पोळ्या करून द्याल का? ते एकटे ब्रेड खाऊन राहतात. तुम्हालाही सोबत होईल." मग मी रोज दहाला कणीक मळून, डबा घेऊन त्यांच्याकडे जायला लागले.

काकांनी मला कधी बोलायचा आग्रह केला नाही. पहिल्या आठवड्यात मी फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले असेन. एकदा मीच ओशाळून म्हटलं, मला बोलता येत नाही नीट. ते म्हणाले, "नका बोलू. हृदयसुद्धा दोन ठोक्यांच्या मध्ये गप्प बसतं, म्हणून तर चालतं." तेव्हापासून त्या घरात मला गप्प बसायला संकोच वाटला नाही.

त्या वर्षी त्यांना एक सवय लागली होती. घराबाहेर पडताना निळी प्लास्टिकची फाइल काखेत मारायचे. त्यात, कोणी अडवून विचारलं तर दाखवायला, त्यांचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट, घराचे कागद. भाजी आणायला, केस कापायला, कुठेही. वसंतराव त्यांना चिडवायचे. हे वसंतराव म्हणजे काकांचे चाळीस वर्षांचे मित्र, रिटायर झालेले इंजिनिअर, पलीकडच्याच वस्तीत राहणारे. "अरे, कोथिंबीर घ्यायला सर्टिफिकेट लागतं का रे? ती बाई फक्त डॉलर मागते." काका म्हणायचे, "वश्या, तू हस. तुझा रंग माझ्यासारखाच आहे, आरशात बघ एकदा." वसंतराव म्हणायचे, "माझा जरा उजळ आहे." दोघेही हसायचे, पण फाइल काखेतच राहायची.

मला राजकारणातलं काही कळत नाही. काकांनी मला ते माझ्या घरावरून समजावलं. पोळ्या होईपर्यंत टेबलाशी बसून ते बोटांवर मोजायचे. "महेश रांगेत उभा आहे, बारा वर्षं झाली. अजून ग्रीन कार्ड नाही. पल्लवीला काम करायचं परमिट आहे, ते एका सहीने जाऊ शकतं. हे गृहस्थ निवडून आले तर ती सही होईल अशी मला भीती आहे. एका पगारावर तुमचं घर टिकणार नाही. मग तुम्ही सगळे परत. आणि त्या पोराला मराठीत भाताबरोबर वरण मागता येत नाही, तो कराडच्या शाळेत जाऊन बसणार." मी म्हटलं, कराडची शाळा वाईट नाही काका. ते म्हणाले, "शाळा वाईट नाही हो. घालवून दिलं जाणं वाईट."

ते तरुण असताना इथल्या एका रोग्याने, हात लावू नका म्हणून त्यांना खोलीबाहेर काढलं होतं. तो माणूस छातीत कळा येत असतानाही दुसऱ्या डॉक्टरची वाट बघत राहिला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मला वाटलं होतं, ती माणसं संपली. संपली नव्हती, नुसती गप्प होती. आता त्यांना कोणीतरी बोलायला सांगतंय."

आणि मग ते नेहमीचं वाक्य म्हणायचे. "सुमनबाई, तुमच्या घरात माणसं चार आणि मत एकालाही नाही. माझ्या घरात माणूस एक आणि मत एक. तर हे मत तुमच्या घरचं समजा."  मी आणखी एक पोळी वाढायचे.

वसंतराव दुसऱ्या बाजूचे. त्यांना ते उमेदवार आवडायचे. गंमत अशी की दर निवडणुकीला हे दोघे वसंतरावांच्या गाडीतून एकत्र मत द्यायला जायचे, दोघे उलटी मतं द्यायचे आणि मग काकांकडे येऊन जेवायचे. मालतीकाकू म्हणायच्या म्हणे, "दोघे घरीच बसले असते तरी निकाल तोच लागला असता, पेट्रोल वाचलं असतं." पण जायचे.

ते त्या वर्षी मोडलं. आमच्याकडे गणपतीची आरती झाली, मंडळी प्रसाद घेत होती. वसंतराव महेशला समजावत होते, "हे बघ, आपण रांगेत उभे राहून आलो. बाकीच्यांनी रांगेतूनच यावं, एवढंच ते म्हणतायत. चुकलं काय?" काका हातातली वाटी ठेवून म्हणाले, "वश्या, हा मुलगा बारा वर्षं रांगेत आहे. तुझे ते गृहस्थ रांगच बंद करायचं म्हणतायत."

"तू टीव्ही बघून घाबरतोस. आवाज तरी चालू करत जा."

"घाबरणं हा रोग नाही, लक्षण आहे. लक्षणाकडे दुर्लक्ष करणारे माझ्या टेबलावर येऊन मरायचे."

"मग मी काय, तुला मारायला निघालोय?"

 काका शांतपणे म्हणाले, "यंदा मी तुझ्या गाडीत येणार नाही." वसंतराव म्हणाले, "नको येऊस." चपला घालून निघून गेले. प्रसाद त्यांच्या वाटीत तसाच होता.

म्हणून काकांनी टपालाने मत द्यायचा कागद मागवला. तो आला तेव्हा पितृपक्ष लागला होता. मी गेले तेव्हा कागद टेबलावर पसरलेला, काकांनी चष्मा पुसून घेतलेला. पेन हातात घेऊन मला म्हणाले, "तिकडे तोंड करा. मत गुप्त असतं."

"काका, मला इंग्रजी वाचता येत नाही."

"तरीही."

मी तव्याकडे तोंड केलं. मागे पेनचा आवाज येत होता, गोल काळा करायला त्यांनी बराच वेळ घेतला. मग पाकीट चिकटवलं, वर सही केली, जन्मसाल लिहिलं. उठून चपला शोधायला लागले, गल्लीच्या टोकाच्या टपालपेटीत लगेच टाकायचं म्हणून.

आणि मी, जी कधी बोलत नाही, ती बोलले. "काका, पितृपक्ष आहे. एवढं मोठं काम. घटस्थापनेला टाकलं तर?"

ते हसले. "अमेरिकेच्या अध्यक्षाला पितृपक्ष लागतो का?" पण पाकीट हातात धरून उभे राहिले. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत कोणी नवं भांडंसुद्धा घरात आणत नाही. मला खरंच वाटलं होतं की चांगल्या दिवशी टाकलं तर त्याला यश येईल. माझ्या मुलाच्या घराचं मत होतं ते. काका म्हणाले, "मालती असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. तिचं आयुष्यभर ऐकलं नाही मी. आणि वेळ भरपूर आहे." काकूंच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मागे त्यांनी ते पाकीट उभं करून ठेवलं. देवावर त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यासाठी ठेवलं.

घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मी दहाला गेले तर दार उघडेना. काका न्हाणीघरात पडले होते. महेशला फोन केला, अँब्युलन्स आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या गडबडीत घर बंद झालं आणि किल्ली काकांच्या सामानाबरोबर हॉस्पिटलात गेली. ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला.

घटस्थापनेच्या दिवशी महेश मला भेटायला घेऊन गेला. मेधा संध्याकाळच्या विमानाने यायची होती. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मला बघून त्यांनी तो जरा बाजूला केला आणि विचारलं, "आज घटस्थापना ना? टाकलं?"

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला 'नाही' म्हणवेना. मनात म्हटलं, मेधा आली की किल्ली मागून उद्या सकाळी टाकते, एका दिवसाने काय होतंय. मी म्हणाले, "हो काका. टाकलं."

ते म्हणाले, "बरं झालं. तुमच्या घरचं एक तरी गेलं."

नर्सने येऊन मास्क पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत असताना मेधाचा फोन आला.

काकांचे दिवस झाल्यावर मेधाने स्वयंपाकघर आवरायला मला किल्ली दिली. पाकीट देवघरात तसंच उभं होतं. मी ते पदराखाली घेऊन घरी आले आणि महेशला म्हटलं, हे टाकून येऊ का? तो घाबरला. "आई, हातसुद्धा लावू नकोस. गेलेल्या माणसाचं मत आपण पेटीत टाकायचं? नियम काय आहे मला माहीत नाही, पण आपण व्हिसावरची माणसं आहोत." त्याचंही खरं होतं. मी पाकीट मेधाला नेऊन दिलं. तिने वडिलांची सही बघितली, पर्समध्ये ठेवलं. "इट्स ओके, मावशी. एका वोटने काय फरक पडतो," असं म्हणाली आणि बराच वेळ पर्सची चेन लावत राहिली. मी खोटं बोलले होते ते तिला सांगू शकले नाही.

सांगितलं ते वसंतरावांना. मेधा घर बंद करून गेल्यावर एका दुपारी ते आमच्याकडे आले. घरात मी एकटीच. पाणी दिलं, ते नुसतं हातात धरून बसले. "मी हॉस्पिटलात गेलोच नाही," ते म्हणाले. "म्हटलं, बरा होऊन घरी आला की भांडायला जाईन." मग मला राहवलं नाही. पितृपक्षापासून सगळं सांगितलं. मी का थांबवलं, काकांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. इतकं मी आयुष्यात एका वेळी बोलले नव्हते.

ते म्हणाले, "ताई, हे मला कशाला सांगता? मी तर त्या बाजूचा."

"म्हणूनच सांगितलं. ते मत गेलं नाही याचं तुम्हाला वाईट वाटणार नाही, असं वाटलं."

 "मला वाईट वाटणार नाही?" एवढंच ते म्हणाले. पाण्याचा पेला तसाच ठेवून उठले.

मतदानाच्या दिवशी सकाळी त्यांची गाडी दाराशी आली. "चलता का? मला एकट्याने जायची सवय नाही." मी साडी बदलून गेले. मत द्यायचं ते एका शाळेत होतं. मला आत जाता येणार नव्हतं, मी गाडीत बसून राहिले. माणसं येत होती, जात होती, कोणी कोणाशी भांडत नव्हतं. एक म्हातारा आपल्या बायकोच्या कोटाची गुंडी लावून देत होता.

वसंतराव लवकर बाहेर आले. गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात. विचारू की नको असं करत मी विचारलं, "दिलं?"

"दिलं. आत गेल्यावर वाटलं, आज त्याचं देऊन टाकावं. हात तिकडे गेलाही होता. पण असलं मत त्याला चाललं नसतं, शिव्या घातल्या असत्या त्याने. माझंच दिलं."

 समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "चाळीस वर्षं माझं मत त्याने एकदाही पुढे जाऊ दिलं नाही, ताई. आज जाईल."

मग त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवेपर्यंत तसेच राहिले.