नीमांट म्हणजे कुणीही नाही

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — भिशीत माझं कुणाशी वाजलं, कुणाच्या पुरणपोळीला नावं ठेवली, सगळं. हे मात्र नाही. मग तुम्हाला का सांगतेय? आज रविवार आहे. जर्मनीत रविवारी व्हॅक्यूम लावला की खालच्या बाई वर येऊन दार वाजवतात. नाहीतर मी तो लावला असता, स्वच्छ घर पुन्हा स्वच्छ केलं असतं, आणि हे लिहायचं पुन्हा राहून गेलं असतं. अशी बरीच वर्षं गेली.

आधी मी कोण ते सांगते. (बघा, लगेच वळसा घेतला.) मी मीनल, माहेर नाशिकचं. लग्न होऊन न्युरेम्बर्गला आले, जर्मन शिकले, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. पण इथल्या मराठी मंडळींत माझी ओळख वेगळी आहे. मला 'फॉर्म्युलार-ताई' म्हणतात. फॉर्म्युलार म्हणजे फॉर्म. कुणाचं व्हिसाचं अडलंय, कुणाच्या घरमालकाने डिपॉझिट दाबून ठेवलंय — ताईंना फोन करा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. इंजिनियर म्हणून आलेली मोठमोठी माणसं माझ्या स्वयंपाकघरात कागद घेऊन बसायची, आणि मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे — इथे सही कर, इथे नको.

रेवती अशीच आली. साताऱ्याची, एका कारखान्यात डिझाइन इंजिनियर. नवरा आणि तीन वर्षांची मुलगी सई साताऱ्यात, ती इथे एकटी, दोन अनोळखी मुलींबरोबर एका फ्लॅटमधल्या खोलीत. तिचा सगळा हिशोब एकाच गोष्टीवर येऊन थांबत होता. स्वतःचं घर मिळालं की त्या दोघांना बोलवायचं. घरासाठी अर्ज करायचे म्हणून तिने पासपोर्टची, पगाराची, पत्त्याच्या नोंदणीची कॉपी माझ्याकडे पाठवली. आमच्या घरी प्रिंटर होता. प्रिंट काढून दिल्या निखिलने.

निखिल माझा धाकटा भाऊ. शिकायला आला होता, विषय राहिले होते, हॉस्टेल सोडून आमच्याकडे राहायला आला होता. हॉस्टेलवर तो राहायला गेला त्या दिवशी त्याची गादी आणि कुकर घेऊन मीच गेले होते. शेकडो लेटरबॉक्सची ती भिंत मला अजून आठवते. इथे पत्त्यात फ्लॅटचा नंबर नसतो, पोस्टमन फक्त डब्यावरचं नाव बघतो. निखिल स्वतःच्या नावाची पट्टी चिकटवत म्हणाला होता, "ताई, काय देश आहे. नाव चिकटवलं की झाला माणूस तयार." मी हसले होते.

पुढे काही महिन्यांनी रेवती एक पत्र घेऊन आली. वसुली करणाऱ्या कंपनीचं, तिचा नोंदणीचा पत्ता शोधून तिच्या खोलीवर पाठवलेलं. तिने कधीही न घेतलेल्या महागड्या फोनचे पैसे भरा म्हणून. नाव तिचं, जन्मतारीख तिची. पोरगी घाबरून पांढरी पडली होती. आणि मी? मला अगदी स्फुरण चढलं. मी पत्र पुरतं वाचायच्या आधीच सुरू झाले — रडायचं नाही, पैसे तर मुळीच भरायचे नाहीत, एक रुपयाही भरलास तर कर्ज कबूल केल्यासारखं होईल. आधी पोलिसांकडे आन्त्साइगे करायची, म्हणजे रीतसर तक्रार. तक्रारीचा नंबर मिळाला की तो लावून प्रत्येक कंपनीला लिहायचं, मी करार केलेला नाही, केलाय असं तुमचं म्हणणं असेल तर सिद्ध करा. मग कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडून आपल्या माहितीची फुकट प्रत मागवायची, खोट्या नोंदी काढायला लावायच्या. मी येते तुझ्याबरोबर, उद्याच जाऊ. हे सगळं बोलून झालं, आणि मग मी फोन जिथे पोचवले होते तो पत्ता वाचला.

हॉस्टेलचा पत्ता होता.

मी तेव्हा काय केलं माहितीये? तिला विचारलं, चहात साखर किती घालू. ती माझ्याकडे आठवड्यातून दोनदा यायची, तिची साखर मला पाठ होती.

ती गेल्यावर मी निखिलच्या खोलीत गेले. विचारावंही लागलं नाही. मी नुसतं त्या रस्त्याचं नाव उच्चारलं आणि त्याने हेडफोन काढले. म्हणाला, "मी भरणार होतो ताई. हप्ते भरणार होतो." त्याने रिकाम्या डब्यावर तिचं नाव चिकटवलं होतं. फोन घेतले होते, विकले होते. मी त्याच्या थोबाडीत मारली. एवढीच काय ती त्याला झालेली शिक्षा.

मग सांगायचं ना तिला? साधी गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीच्या वाटेवर ट्राममध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. सांगायला भरपूर वेळ होता. ती सईचा व्हिडिओ दाखवत होती, आणि मी "गोड आहे गं" म्हणत होते. मनात म्हणत होते, पुढच्या स्टॉपला सांगते.

थांबा. आता तेच सांगायचं आहे, आणि मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

चौकीत एक शांत, वयस्कर पोलीस होता. दुभाष्याला बोलवायचं तर वेळ लागेल, तुम्हाला उत्तम येतंय तर तुम्हीच सांगाल का, असं त्याने मला विचारलं. माझ्या जर्मनचं कौतुकही केलं. मला त्याही वेळी बरं वाटलं — हेही लिहून ठेवते. तो विचारत होता, मी मराठीत सांगत होते, रेवती उत्तर देत होती, मी जर्मनमध्ये सांगत होते. सगळं अगदी जसंच्या तसं. मग त्याने विचारलं, तुमच्या कागदांच्या कॉपी आणखी कुणाकडे होत्या का?

मी प्रश्न तिला नीट सांगितला. रेवती म्हणाली, "फक्त ताईंच्या घरी. प्रिंट काढायला पाठवल्या होत्या, ताईंच्या भावाने काढून दिल्या." तिच्या मनात काही नव्हतं. खरं ते सांगत होती. माझ्याकडे बघून थोडी हसलीसुद्धा.

मी पोलिसाकडे वळले आणि म्हणाले, "नाइन. नीमांट."

नाही. कुणीही नाही.

त्याने ते टाइप केलं. जबाब पूर्ण झाल्यावर तो मला म्हणाला, बाईंना एकदा मराठीत वाचून दाखवा. मी वाचून दाखवला. तेवढी एक ओळ सोडून. रेवतीने सही केली. तक्रार कुणाविरुद्ध? गेगेन उनबेकान्ट. अनोळखी इसमाविरुद्ध. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही नसता तर मी काय केलं असतं?"

मला पुढे कळलं — मी शोधून काढलं, मला असल्या गोष्टी शोधता येतात — की इथला कायदा सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करत नाही. मी गप्प बसू शकत होते. म्हणू शकत होते, मी भाषांतर करणार नाही, दुसरं कुणीतरी बोलवा. कायद्याने मला गप्प बसायची पूर्ण मुभा दिली होती. मी गप्प बसले नाही. मी बोलले, आणि तेही रेवतीच्या तोंडून.

कारणं विचाराल? माझ्याकडे कारणं आहेत, चांगली घडी घालून ठेवलेली. निखिलचा व्हिसा, आईचं ब्लडप्रेशर. ती राहू देत. खरं सांगू? त्या खुर्चीत मला निखिल आठवलाच नाही. तो पोलीस टाइप करेल, 'दुभाषी बाईंच्या घरातून' — एवढंच डोळ्यांसमोर आलं. फॉर्म्युलार-ताईंच्या घरातून.

त्यानंतर मी तिच्यासाठी इतकं केलं की तुम्ही थक्क व्हाल. पत्रांवर पत्रं लिहिली. कोर्टाचा पिवळा लिफाफा आला तर दोन आठवड्यांत हरकत घ्यावी लागते, हे तिला तोंडपाठ करायला लावलं. पण पिवळा लिफाफा आधीच येऊन गेला होता — हॉस्टेलवरच्या त्या डब्यात, तिच्या नावाच्या पट्टीखाली. मुदत उलटून गेली होती. मग वकील. तिथे ही बाई कधी राहिलीच नाही, तेव्हा ते पत्र तिला मिळालं असं धरता येणार नाही, हे वकिलाने कोर्टाला पटवायचं, आणि समोरच्यांनी दर वेळी विचारायचं की मग तिथे राहायचं कोण? पोलिसांकडे त्याचं उत्तर नव्हतं. काही महिन्यांनी सरकारी वकिलांचं पत्र आलं. आरोपीचा शोध लागत नाही, म्हणून तपास थांबवत आहोत. नवीन माहिती मिळाल्यास तो पुन्हा सुरू होऊ शकतो. तेही मीच तिला वाचून दाखवलं. एकही शब्द न गाळता. ती नवीन माहिती तिच्यासमोर बसून चष्मा पुसत होती.

आणि घर? घरमालक कागद मागतात, कर्जाची नोंद बघतात, आणि दुसऱ्याला घर देतात. कारणही सांगत नाहीत. रेवती प्रत्येक रविवारी घरं बघायला जायची. कधी मी बरोबर असायचे. तिथे चाळीस माणसं रांगेत, आणि ही आपली फाइल छातीशी धरून उभी. तिकडे सई मोठी होत होती. शाळेत जायला लागली. व्हिडिओ कॉलवर आईला कविता म्हणून दाखवायची, आणि रेवती माझ्या स्वयंपाकघरात बसून टाळ्या वाजवायची. शेजारच्या खोलीत निखिल अभ्यास करत असायचा. तो पास झाला. आता ड्रेस्डेनला एका चिपच्या कारखान्यात आहे, लग्न झालंय, दिवाळीला येतो. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीही बोललेलो नाही. मी चकल्या करते, तो खातो.

शेवटी रेवती सुटली. वकिलाने ते प्रकरण मोडून काढलं, नोंदी निघाल्या, घर मिळालं. सई आणि तिचे बाबा आले. पहिले काही दिवस सई आईशी बोलायचं असलं की बाबांचा फोन मागायची. आई समोर ओट्याशी उभी, आणि ही फोन मागते आहे. हे रेवतीनेच हसत हसत सांगितलं मला. मीही हसले. काय करणार होते?

नव्या घराची पूजा होती तेव्हा सगळ्यांसमोर ती म्हणाली, हे घर ताईंमुळे उभं राहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो, ती शिऱ्यावर बेदाणे पेरत होती. तिचं जर्मन आता माझ्याहून चांगलं आहे, हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. हात न थांबवता ती म्हणाली, "ताई, एक सांगू? त्या दिवशी पोलिसांकडे तुम्ही 'नीमांट' म्हणालात ना, ते मला कळलं होतं. पहिल्याच पुस्तकात होता तो शब्द."

माझ्या हातात पेल्यांचा ट्रे होता. तो मी खाली ठेवला नाही, एवढं आठवतंय.

"मला आधी वाटलं, ताई चुकल्या," ती म्हणाली. "मग म्हटलं, ताईंना माहीत असेल, यांच्यासमोर काय बोलायचं न् काय नाही. उगाच घरातल्यांची नावं घेऊन गुंता वाढला असता ना?"

हा दुसऱ्यांदा विचारलेला तोच प्रश्न होता. या वेळी मराठीत, मधे कुणी दुभाषी नाही, पोलीस नाही, मुदत उलटलेली नाही. तिने दार सताड उघडून ठेवलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हणाले, "हो ना. गेनाऊ." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर.

मग तिने हात धुतले, माझी ओटी भरली आणि नमस्काराला वाकली. सईलाही वाकायला लावलं. मी अडवलं नाही. दोघींच्या डोक्यांवर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.