चंद्रावरच्या आचाऱ्याचा मोदक

माझ्या मोठ्या मावशीइतका लांबचा प्रवास केलेलं माणूस अख्ख्या मावळात दुसरं झालं नाही. चंद्रावर ती कितीदा गेली याला गणती नव्हती, मंगळाची माहिती तिला शेजारच्या आळीसारखी होती आणि पाताळातल्या राण्यांची नावं तिला स्वतःच्या नणंदांच्या आधी आठवत. आता प्रत्यक्षात म्हणाल तर ती आंबीला जन्मली, लोणावळ्याला दिली आणि या दोन गावांपलीकडे फार तर कार्ल्याच्या एकवीरेपर्यंत गेली असेल, तेसुद्धा नवस फेडायला. पण पुस्तकातनं जाणाऱ्याला बैलगाडी लागत नाही, आणि मावशीला तर पुस्तक विकतही घ्यावं लागत नव्हतं. ते आपल्या पायानं तिच्या दुकानात चालत यायचं.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, लोणावळ्याच्या बाजारात गुडदाणी करून विकायचे. हल्ली सगळे चिक्की म्हणतात, पण तेव्हा ती गुडदाणीच होती. काका पुढे भट्टीवर कढईत गुळाचा पाक ढवळत आणि मागच्या खोलीत मावशी पाटावर बसून गुडदाणी बांधायला रद्दीचे कागद फाडत असे. ही रद्दी यायची गावालगतच्या तुंगार्लीच्या बंगल्यांतून. मुंबईची बडी मंडळी हवा खायला येत, सोबत पुस्तकांच्या थप्प्या आणत आणि जाताना निम्मी तिथंच टाकून जात. बंगल्याचे माळी ती गोणीत भरून आमच्या दुकानी आणून ओतत. चार इयत्ता शिकलेल्या मावशीचा एकच नेम होता, वाचल्याशिवाय पान फाडायचं नाही.

तिची निवड मोठी कडक होती. नीतीची व्याख्यानं हाती लागली की ती खूश व्हायची, कारण त्यांचा कागद जाड असतो आणि त्यात शेंगदाण्याचं तेल उतरत नाही. घरगुती सुखदुःखाच्या कादंबऱ्या ती चार ओळी वाचून टराटरा फाडी. मी एकदा हळहळले, तर म्हणाली, "सासू हाय, सून हाय, दोघी रडत्यात. त्यासाठी पुस्तक कशाला गं? समोरच्या घरी जाऊन बसलं तरी भागतंय." तिला हवं असायचं ते जगात कधी न घडलेलं, न घडणारं. उडती यंत्रं, जादूचे आरसे, पृथ्वीच्या पोटातली राज्यं, दोन डोक्यांची माणसं. असलं एखादं पुस्तक निघालं की ते पिठाच्या डब्यामागं जायचं आणि त्याला हात लावायची काकांनाही बंदी असायची.

बरं, वाचून गप्प बसेल तर ती मावशी कसली. पाण्याखालच्या नगरीचं पुस्तक वाचल्यापासून तुंगार्लीच्या तळ्यातही कुणीतरी राहतं असं तिनं ठरवून टाकलं. तिकडे गेली की काठावर उभी राहून गुडदाणीचा एक तुकडा पाण्यात सोडायची, कारण कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये. आणि एकदा काकांनी तिला पाकावर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा नेमका कुणी एक राजपुत्र अजगराच्या पोटात शिरला होता. तो बाहेर येईपर्यंत पाक करपून काळा झाला. काका कपाळाला हात लावून बसले. मावशीनं मात्र ती काळी गुडदाणी 'पाताळातली' म्हणून ताटात मांडली, आणि घाटात इंजिन चालवणारे एक ड्रायव्हरसाहेब पुढं कित्येक दिवस तीच मागायला यायचे.

पण या सगळ्या पुस्तकांवर तिचा एक मोठा राग होता. चंद्रावर निघालेली विद्वान माणसं सोबत काय नेतात, हे ती आधी बघायची. "दुर्बिणी न्हेल्या, घड्याळं न्हेली, नकाशे न्हेले," ती बोटं मोडत सांगायची, "अन् लोणच्याची बरणी न्हाई! महिनाभर काय नकाशे चाटणार का काय?" लेखक लोक स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत, म्हणून त्यांच्या विमानांत भाकरी नसते, असं तिचं ठाम मत होतं. आजवर कुणी ते खोडून काढलेलं मला माहीत नाही.

म्हणून ते पुस्तक आलं तेव्हा तिला जो आनंद झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. मी पुण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला मावशीकडे आले होते. पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता. सुरुवात अशी होती: 'प्रोफेसरांनी पगडी काढून खुंटीला लावली आणि ते म्हणाले, गुरुवारी आपण चंद्रावर जाऊ.' पाऱ्याच्या वाफेवर उडणारं तांब्याचं विमान, त्यात पगडीवाले प्रोफेसर, त्यांचा शिष्य, आणि तिसरा कोण? तर आचारी! मावशीनं मांडीवर थाप मारली. "ह्या लिवणाऱ्याला अक्कल हाय गं! आचारी घेतलाय सोबत!" त्यातून तो आचारी निघताना कैरीचं लोणचंही घेतो, हे वाचल्यावर तर तिनं पुस्तकाला चक्क नमस्कार केला.

दोन दिवस दुकानात दुसरा विषय नव्हता. मंडळी चंद्रावर उतरली, तिथल्या दरीतनं हिंडली, आचाऱ्यानं चंद्राच्या मातीची चूल घातली. मग परतायच्या वेळी घात झाला. पारा सांडला. उरलेल्या पाऱ्यावर विमान दोघांनाच उचलू शकत होतं, आणि माणसं तर तीन. प्रोफेसर सुन्न झाले, शिष्य रडू लागला. 'तेव्हा आचारी पुढे झाला आणि म्हणाला,' इथं पान संपलं. मावशीनं बोट ओलं करून पुढचं पान उलटलं, तर पुढं पानच नव्हतं.

झालं होतं एवढंच, की सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी उसळली, कागद संपले, काकांनी पिठाच्या डब्यामागं हात घातला आणि हाताला आला तो शेवटचा गठ्ठा ओढून काढला. मावशीनं विचारलं तेव्हा ते पाक ढवळत शांतपणे म्हणाले, "कागद दिसला, बांधला." आणि ती गुडदाणी? ती टोपलीत भरून माणूस मघाशीच स्टेशनावर गेला होता, मुंबईच्या गाडीसाठी.

घाट उतरण्याआधी गाडी लोणावळ्याला थांबते, ब्रेक तपासतात, तेवढ्यावर आमची सगळी आशा. मावशी गुळानं बरबटलेल्या हातांनी पुढे, मी मागे. ती खिडकी खिडकीशी जाऊन ओरडत होती, "दादा, गुडदाणी तुमची, कागद माजा! कागद द्या परत!" आता कपाळभर कुंकू लावलेली, धापा टाकणारी बाई असं विनवायला लागली तर माणसानं काय समजावं? एका सोला टोपीवाल्या गृहस्थांना वाटलं, गुडदाणीतून विषबाधा झालेली दिसते. त्यांनी हातातली पुडी बाहेर भिरकावली. ते बघून शेजारच्यानं फेकली, मग डब्याडब्यांतून गुडदाणीचा पाऊस सुरू झाला. मावशीला त्याचं काय! ती वाकून पुड्या सोडत होती आणि बहुतेकांतून नीतीची व्याख्यानं निघत होती. चंद्राच्या पुस्तकाचं एकच पान मिळालं, अगदी शेवटचं, आणि त्यावर केसांच्या तेलाची जाहिरात होती. तेवढ्यात शिट्टी झाली आणि आचारी जे काय म्हणाला होता ते खंडाळ्याचा घाट उतरून मुंबईला गेलं.

त्या दिवसापासून लोणावळ्याच्या बाजाराला एक नवं कामच लागलं. आचारी काय म्हणाला असेल? दुकानी येणारा प्रत्येकजण आपापलं सांगून जायचा. बांगड्या भरणारे मण्यार चाचा म्हणाले, "तो म्हणाला असंल, साहेबांचं वजन लय हाय, साहेबांनीच मागं ऱ्हावं." रेल्वेतले एक पॉइंट्समन होते, ते म्हणाले, "त्यात काय एवढं? मागनं बँकर जोडायचा!" घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जे जादा इंजिन लावतात, तो बँकर. मावशी त्यांच्यावर खेकसली, "चंद्रावर बँकर कुटनं आणू? तुमच्या सायबाला इचारून येता का?" तिचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. आचारी म्हणाला असणार, "तुमी दोघं जावा. मी हितंच चूल राखतो. पारा घेऊन या मला न्यायला." आणि ते दोघे दिलेला शब्द पाळतात की नाही, याची तिला खरोखर काळजी लागली होती. शिकलेली माणसं कामाच्या गडबडीत आचाऱ्याला विसरतात, हे तिनं तुंगार्लीच्या बंगल्यांत पाहिलं होतं.

म्हणून मग संकष्टीचा तो प्रकार सुरू झाला. चंद्र उगवला की ती नैवेद्य दाखवायची आणि एक मोदक वेगळा काढून ठेवायची. हा कुणाचा, असं विचारलं तर म्हणायची, "आचाऱ्याचा. समद्यांना करून घालणाऱ्याला कोण ईचारतंय का, बाबा तू जेवलास का म्हणून?" पावसाळ्यात धुक्यामुळे चंद्र दिसायचा नाही, तरी मोदक निघायचाच. काका हे सगळं मुकाट्यानं बघत. घरात काहीही भांडण निघालं, मीठ जास्त पडलं म्हणा की छत गळलं म्हणा, मावशी शेवटी तिथंच यायची: "तुमी काय बोलताय? तुमी चंद्रावरची माणसं इकून मोकळे झालात!" यावर काका एकदाही उलटून बोलले नाहीत. ते पाकाचा थेंब पाण्यात टाकत, गोळी टणक झाली का बघत आणि गालातल्या गालात हसत. मला वाटायचं, काकांच्या हे गावीही नाही.

लढाईच्या दिवसांत गूळ मिळेनासा झाला, भट्टी दोन दोन दिवस थंड राहू लागली आणि त्यातच एका हिवाळ्यात काका गेले. मावशीनं दुकान चालू ठेवलं, पण वाचणं सोडलं. डोळ्यांना दिसत नाही म्हणायची. माळ्यांनी आणलेली पुस्तकं ती न बघता फाडू लागली, आणि मला ते बघवेना. पुण्यात शाळेच्या वाटेवर एक रद्दीवाले होते, त्यांच्याकडे मी एक दिवस गेले आणि म्हटलं, लोणावळ्याला मावशीला वाचून दाखवायचंय, अद्भुत असं काही असलं तर द्या. त्यांनी चष्मा वर केला. "लोणावळ्याला? गुडदाणीवाले तुमचे कोण? कधी गूळ घ्यायला आले की माझ्याकडं चक्कर ठरलेली. येऊन एकच विचारायचे, पगडीवाले प्रोफेसर गुरुवारी चंद्रावर जातात, ते पुस्तक आलं का? नाव विचारलं तर त्यांना ठाऊक नसायचं. शेवटी आलं बघा मागच्या वर्षी. बाजूला काढून ठेवलंय, पण तेच आले नाहीत." मला तिथं उभं राहवेना. पुस्तक पदराखाली घेऊन मी दुपारच्या गाडीत बसले.

मावशीला मी आधी काही सांगितलं नाही, नुसतं पहिलं वाक्य वाचलं. तिच्या हातातला कागद तसाच राहिला. पुस्तक कुणी शोधलं ते सांगितलं, तेव्हा तिनं भट्टीकडे पाहिलं. मग डोळे पुसून म्हणाली, "वाच आता. त्यो काय म्हणाला त्ये वाच."

मण्यार चाचांना हाक गेली, पॉइंट्समन ड्युटी संपवून आले. मी ते पान काढलं आणि वाचलं: 'तेव्हा आचारी पुढे झाला आणि म्हणाला, साहेब, उठा, चहा निवतोय. प्रोफेसरांनी डोळे उघडले. ते आपल्या आरामखुर्चीत होते. अरेच्चा, म्हणजे ते सगळे स्वप्नच होते तर!' त्यानंतर पानंच्या पानं प्रोफेसर शिष्याला अतिविचाराचे दुष्परिणाम समजावत होते, आणि मग केसांचं तेल.

मण्यार चाचा चप्पल चाचपू लागले. मला तर ब्रह्मांड आठवलं. एवढ्या वर्षांची वाट, काकांच्या त्या फेऱ्या, आणि निघालं काय, तर चहा! मावशीनं हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. तिनं बोटांनी चाचपून शेवटचा गठ्ठा बरोबर काढला, एका हिसक्यात फाडला आणि मला म्हणाली, "गुडदाणी हाय ना टोपलीत? बांध ह्यात अन् धाड टेशनावर. चंद्रावर माणूस सोडून ह्यो चहा पितोय!" मग जराशानं आवाज उतरला. "तुज्या काकांनी बराबर केलं व्हतं गं. ह्याची तीच जागा. मी उगाच बोलत ऱ्हायले त्यांना." आणि बऱ्याच दिवसांनी ती हसली, पाटावर मागं रेलून, अंग हलवून हसली. उरलेलं पुस्तक, 'म्हणाला' या शब्दापर्यंतचं, पुन्हा पिठाच्या डब्यामागं गेलं. दुसऱ्या दिवशी तिनं माळ्याला दटावून विचारलं, नवीन काय आणलंस म्हणून.

त्या महिन्याच्या संकष्टीला मी तिथंच होते. नैवेद्य झाला आणि मावशीनं एक नव्हे, दोन मोदक वेगळे काढले. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "एकट्यानं लय दिस काढले त्यानं. आता तुजे काका हायेत की सोबतीला. ह्ये पाक बघतील, त्यो भाकऱ्या करंल. बोलायचं काम त्योच करंल म्हणा."

मावशीलाही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. संकष्टीला आमच्याकडे तीन मोदक वेगळे निघतात, आणि तिसऱ्याशेजारी मी कैरीच्या लोणच्याची एक फोड ठेवते. तिथं पोचल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं असेल.